एफटी८ चालत नाहीये? घड्याळापासून अँटेनापर्यंत क्रमाने शोधू या

एफटी८ म्हणजे रिग (हॅमचा रेडिओ संच) लॅपटॉपला जोडून छोटे संदेश सुरांच्या रूपात पाठवायची पद्धत. वॉटरफॉलवर, म्हणजे येणारे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, रेघा ठसठशीत दिसतात, पण शेजारच्या खिडकीत एकही ओळ उमटत नाही. किंवा ओळी धडाधड येतात, पण आपण हाक मारली की कुणी दाद देत नाही. किंवा सगळं सुरळीत चालू असताना रिग ट्रान्समिटवरच अडकते आणि माऊससुद्धा हलेनासा होतो. एफटी८वर नव्याने आलेल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या तक्रारी फिरून फिरून या तिनांवर येतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे सॉफ्टवेअर काढा आणि पुन्हा टाका. त्याने अर्धा तास जातो आणि बिघाड जागच्या जागी राहतो, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये फार क्वचित असतो. तो असतो रिग आणि लॅपटॉप जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे.

म्हणून तपासायचं ते क्रमाने: घड्याळ, आत येणारा आवाज, रिगवरचा ताबा, बाहेर जाणारा आवाज. आधीची पायरी नीट झाल्याशिवाय पुढची चाचपायची नाही, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. तीन सेटिंग एकदम बदलली आणि काम झालं, तर नेमकं कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे गृहीत धरलंय की तुमच्याकडे परवाना आहे, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येणारी एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झची) रिग आहे, विंडोजचा लॅपटॉप आहे आणि त्यात एफटी८ चालवणारा डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्रॅम टाकलेला आहे. जुनी किंवा घरी बांधलेली रिग असेल तर तिच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय. तुमचं कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं स्टेशनचं नाव) व्हीयू२ने सुरू होत असो वा व्हीयू३ने, आपल्या परवान्यात कोणते बँड, किती पॉवर आणि कोणत्या प्रकारचं उत्सर्जन मंजूर आहे ते एकदा स्वतः वाचून घ्या. मित्र करतो म्हणून आपल्यालाही चालतं, असं नसतं.

हे चालतं कसं

एफटी८ आलं २०१७ साली. नावातले एफ आणि टी म्हणजे स्टीव्ह फ्रँक (के९एएन) आणि जो टेलर (के१जेटी), आणि ८ म्हणजे आठ सूर. हे टेलर म्हणजे जोड-पल्सरच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे तेच. गोंगाटात बुडालेला मंद ठोका शोधून काढणं हा ज्यांचा पेशा, त्यांनी हॅमसाठी असं काही करावं यात नवल नाही.

मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग पडतात. एका भागात एकाने बोलायचं, पुढच्यात दुसऱ्याने. पाठवायला १२.६४ सेकंद लागतात, आणि उरलेल्या वेळात संगणक ऐकलेलं उलगडतो. दोन सुरांमध्ये ६.२५ हर्ट्झचं अंतर, म्हणजे एका स्टेशनला जागा लागते जेमतेम ५० हर्ट्झ. संदेश ७७ बिटचा. त्यात दोन कॉलसाइन आणि एक ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं नाव) किंवा रिपोर्ट (सिग्नल किती ताकदीने आला तो आकडा) मावतो, गप्पा मावत नाहीत. या काटकसरीमुळेच २५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटाच्या तुलनेत उणे २० डेसिबलपर्यंतचा सिग्नल वाचता येतो. तिथे कानाला काहीही ऐकू येत नाही.

ठिकाणं ठरलेली आहेत: ४० मीटरवर ७.०७४ मेगाहर्ट्झ, २० मीटरवर १४.०७४, १५ मीटरवर २१.०७४, १० मीटरवर २८.०७४. सगळीकडे अप्पर साइडबँड, ४० मीटरवरसुद्धा. तिथे आपण लोअर साइडबँडवर बोलतो, त्यामुळे हात आपोआप लोअरवर जातो. मग रिग ७.०७४ च्या खालचा भाग ऐकते, सूरही उलटे लागतात आणि ओळ म्हणून उमटत नाही.

पायरी पहिली: घड्याळ

रेघा दिसतात पण डीकोड होत नाही, तर सगळ्यात आधी वेळ बघा. लॅपटॉपचं घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. दोन-अडीच सेकंदांचा फरक पडला की दुकान बंद. विंडोजचं स्वतःचं वेळ जुळवणं यासाठी पुरेल असं धरून चालू नका, ते फार सावकाश आणि मनाला येईल तेव्हा जुळवतं. ऑपरेटिंगला बसण्याआधी तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' दाबा, किंवा मेनबर्गचा एनटीपी प्रोग्रॅम टाकून ठेवा, तो मागे गुपचूप काम करत राहतो.

टाइम झोन भारताचा असला तरी काही बिघडत नाही. प्रोग्रॅम स्वतः साडेपाच तास वजा करून यूटीसी दाखवतो. 'यूटीसी हवी' म्हणून घड्याळच साडेपाच तास मागे नेणारे लोक आहेत. तसं करू नका, सगळं लॉग बिघडतं.

डीकोडच्या खिडकीत 'डीटी' नावाचा रकाना आहे, त्याच्याकडे बघायची सवय लावून घ्या. प्रत्येक स्टेशनच्या आणि तुमच्या घड्याळात किती सेकंदांचा फरक आहे ते तो सांगतो. बहुतेकांपुढे ०.१, ०.२, ०.३ असे आकडे असतील आणि एखाद्याच्याच पुढे १.५, तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांपुढेच १.२ च्या आसपास येत असेल, तर चूक तुमची आहे आणि तुमचं घड्याळ पुढे आहे. आकडे उणे असतील तर मागे. सिंहगडावर किंवा कुठल्या कातळसड्यावर रिग घेऊन गेलात आणि तिथे इंटरनेट नसेल, तर याच रकान्याकडे बघून हाताने घड्याळ जुळवता येतं.

पायरी दुसरी: रिगकडून येणारा आवाज

वॉटरफॉल कोरा करकरीत असेल तर आधी 'मॉनिटर' बटण हिरवं आहे का ते बघा. हसू नका, हे नेहमी होतं. ते ठीक असेल तर खाली डावीकडच्या उभ्या पट्टीकडे बघा. बँडवर नुसता गोंगाट असताना ती ३० डेसिबलच्या आसपास हवी. शून्यावर असेल तर आवाज पोचतच नाहीये.

न पोचण्याची कारणं ठरावीक आहेत. सेटिंगमधल्या ऑडिओच्या पानावर 'इनपुट' म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडलेला असतो. तिथे रिगच्या आतलं साउंड कार्ड हवं, आणि विंडोजमध्ये ते बहुधा 'यूएसबी ऑडिओ कोडेक' अशा नावाने दिसतं. कधी काल चाललेलं आज चालत नाही, कारण केबल आज दुसऱ्या यूएसबी भोकात घातलेली असते. विंडोजच्या लेखी ते नवं यंत्र असतं आणि नावामागे '२' चिकटतो. एकच भोक ठरवून त्यावर खुणेची पट्टी चिकटवा. विंडोजच्या प्रायव्हसीच्या पानावर डेस्कटॉप प्रोग्रॅमना माइक वापरायची परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर दिसूनही पट्टी शून्यावर राहते. हे कारण लवकर सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आवाज येतोय पण डीकोड कमी होतात, तेव्हा रिगकडे वळा. मोड 'डेटा-अप्पर' हवा. फिल्टर रुंद हवा, ३ किलोहर्ट्झच्या आसपास. मोर्ससाठी लावलेला अरुंद फिल्टर तसाच राहिला असेल तर वॉटरफॉलच्या मधोमध एक उजळ पट्टा आणि दोन्ही बाजूंना काळोख दिसतो. ओळखायला सोपं. नॉइज रिडक्शन, नॉइज ब्लँकर, ऑटो नॉच हे सगळं बंद. कानाला गोड लागावं म्हणून केलेल्या या सोयी आहेत. ऑटो नॉच तर एकसुरी सिग्नल शोधून कापतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात.

विंडोजमध्येही हीच स्वच्छता. त्या साउंड कार्डाच्या गुणधर्मांत 'एन्हान्समेंट' बंद करा आणि सॅम्पल रेट ४८००० हर्ट्झ ठेवा. मग एक काम विसरू नका: विंडोजचं नेहमीचं स्पीकर म्हणून लॅपटॉपचाच स्पीकर निवडा. रिग जोडली की विंडोज तिच्या कोडेकलाच मुख्य स्पीकर करून टाकतं. मग मेल आल्याची टिंग, व्हॉट्सॲपचा आवाज, यूट्यूबवरची लावणी, सगळं १४.०७४ वर जगभर ऐकू जाऊ शकतं.

पायरी तिसरी: रिगवरचा ताबा

संगणकाने फ्रीक्वेन्सी बदलावी आणि वेळ आली की रिग ट्रान्समिटवर न्यावी, यासाठी कॅट जोडणी. सेटिंगच्या 'रेडिओ' पानावर रिगचं मॉडेल, कॉम पोर्ट आणि बॉड रेट भरायचा. 'टेस्ट कॅट' दाबल्यावर बटण हिरवं झालं की सुटलात. लाल झालं आणि हॅमलिबची (प्रोग्रॅमचा रिगशी बोलणारा भाग) त्रुटी दाखवली, तर पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

केबल नुसती चार्जिंगची तर नाही ना? मोबाइलच्या डब्यातून उचललेल्या केबलींमध्ये डेटाच्या तारा नसल्याचं पुष्कळदा आढळतं. ड्रायव्हर टाकलाय का? डिव्हाइस मॅनेजर उघडा, केबल काढा-घाला, आणि कोणतं नाव नाहीसं होऊन परत येतं ते बघा, तोच तुमचा पोर्ट. येसूच्या बऱ्याच रिगना 'एन्हान्स्ड' आणि 'स्टँडर्ड' असे दोन पोर्ट दिसतात. कॅटला लागतो तो एन्हान्स्ड. बॉड रेट रिगच्या मेनूत आणि प्रोग्रॅममध्ये एकच हवा. आयकॉम असेल तर सीआय-व्ही पत्ताही (रिगचा ओळख क्रमांक) जुळायला हवा. आयसी-७३०० चा मूळ पत्ता ९४ आहे, आणि मागच्या मालकाने तो बदललेला असू शकतो. हे सगळं ठीक असूनही लाल, तर दुसरा एखादा लॉगिंग प्रोग्रॅम तोच पोर्ट धरून बसलेला असतो. पोर्ट एकाच वेळी दोघांना मिळत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एकच ओळ: तुमचं नाव 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

आता पीटीटी, म्हणजे रिगला ट्रान्समिटवर नेणारा इशारा. जिथे कॅट चालतं तिथे पीटीटीही कॅटनेच द्या. 'टेस्ट पीटीटी' दाबलं की रिगचा लाल दिवा लागला पाहिजे. उलट त्रास असा की प्रोग्रॅम उघडल्या उघडल्या रिग ट्रान्समिटवर जाते. पोर्ट उघडताना आरटीएस किंवा डीटीआर ही पोर्टची तार क्षणभर चालू होते, आणि रिग तिलाच पीटीटी समजते. रिगच्या मेनूत यूएसबीवरून 'सेंड' होण्याची सोय बंद करा, त्रास थांबतो.

त्याच पानावर 'मोड' डेटा निवडा आणि 'स्प्लिट ऑपरेशन'पुढे 'रिग' किंवा 'फेक इट' ठेवा. याचं कारण पुढच्या पायरीत.

पायरी चौथी: बाहेर जाणारा आवाज

इथे सावकाश. बाकी चुकांचा त्रास आपल्याला होतो, इथल्या चुकीचा सगळ्या बँडला.

आधी रिगची पॉवर कमी करा. १०० वॅटची रिग असेल तर ३० ते ४० वॅट. बोलताना आवाज चढतो-उतरतो आणि रिगला श्वास घ्यायला उसंत मिळते. एफटी८मध्ये १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते, आणि दर अर्ध्या मिनिटाला तेच. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीखालच्या खोलीत १०० वॅटवर तासभर सीक्यू ('कुणी आहे का' अशी हाक) मारलं तर फायनल ट्रान्झिस्टरची काय अवस्था होईल याचा विचार करा. पंखा रिगच्या दिशेने वळवून ठेवणं हा चांगला उपाय आहे.

मग ट्यूनरने एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) ठीक करा, किंवा अँटेनाच्या जागी डमी लोड लावा. स्पीच प्रोसेसर बंद. रिगचा मीटर एएलसीवर (पातळी जास्त झाली की ती दाबणारी रिगची सोय) आणा. विंडोजमध्ये कोडेकच्या स्पीकरची पातळी मध्यावर, आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या उजव्या बाजूची पॉवरची उभी सरकपट्टी अगदी तळाशी. आता 'ट्यून' दाबा आणि पट्टी हळूहळू वर न्या. पॉवर वाढत जाईल, एका जागी एएलसीचा काटा हलायला लागेल. तिथून थोडं मागे या आणि थांबा. 'बँडनुसार पॉवर लक्षात ठेव' अशी खूण सेटिंगमध्ये आहे ती करा, म्हणजे बँड बदलला की पुन्हा हेच करावं लागत नाही.

एएलसी शून्यच हवा, काटा तसूभरही हलता कामा नये, असा धाक नवख्यांना घातला जातो. मला तो थोडा अतिरेक वाटतो. एफटी८मध्ये सिग्नलची उंची सतत सारखी असते, त्यामुळे काही रिगमध्ये काटा किंचित हलला म्हणून सिग्नल फाटत नाही. पीएसके३१ या दुसऱ्या पद्धतीचं तसं नाही, तिथे उंची सारखी बदलते आणि एएलसी तिच्यात ढवळाढवळ करतो. एफटी८मध्ये खरी भीती असते ती साउंड कार्डातून येणारा आवाजच चिरकण्याची. समजा तुम्ही ७०० हर्ट्झवर पाठवताय आणि पातळी जास्त झालीय. मग १४०० आणि २१०० वरही तुमची भुतं उभी राहतात, आणि ती फिल्टरच्या आतच असल्याने हवेवर जातात. स्प्लिट किंवा 'फेक इट' लावलं की प्रोग्रॅम रिगची फ्रीक्वेन्सी थोडी सरकवून प्रत्यक्ष सूर १५०० ते २००० हर्ट्झमध्येच ठेवतो. तिथली दुप्पट ३००० च्या पुढे पडते आणि रिगचा फिल्टर ती खातो. एवढीशी खूण, पण शेजाऱ्यांची मोठी सोय.

रिग ट्रान्समिटवर जाते पण पॉवर शून्य, हा आणखी एक नेहमीचा प्रकार. तेव्हा मोड साधा अप्पर साइडबँड राहिलेला असतो आणि रिग माइककडे कान लावून बसलेली असते. मोड डेटावर आणा, आणि मेनूत डेटा मोडसाठी आवाज 'यूएसबी'तून घे असं सांगा. तरीही शून्य असेल तर विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये कुणीतरी म्यूट केलेलं असतं.

पहिला क्यूएसओ (संपर्क)

सेटिंगमध्ये कॉलसाइन आणि ग्रिड भरा. पुणे शहर एमके६८, कोल्हापूर एमके७६, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. मुंबईकरांनी जरा जपून, १९ अंश अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते, त्यामुळे कुलाबा एमके६८ आणि बोरिवली एमके६९. नाशिक तर २० अंशांच्या रेघेवरच बसलंय, तिथे नकाशावर आपलं घर शोधूनच ग्रिड भरा.

पहिल्या दिवशी सीक्यू मारू नका, दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्या. आधी वॉटरफॉलवर मोकळी जागा शोधा, शिफ्ट दाबून तिथे क्लिक करा म्हणजे लाल कंस तिथे बसेल, आणि 'होल्ड टीएक्स फ्रीक्वेन्सी'वर खूण करा. मग सीक्यूच्या ओळीवर दोनदा क्लिक. पुढचं आपोआप होतं: तुम्ही कॉलसाइन आणि ग्रिड पाठवता, तो 'उणे १२' असा रिपोर्ट देतो, तुम्ही 'आर उणे ०९' म्हणता, तो 'आरआर७३' (मिळालं, शुभेच्छा), तुम्ही '७३' (शुभेच्छा). त्याच्या सीक्यूपासून मोजलं तर दीड मिनिटात काम झालं. लॉगची खिडकी उघडेल, 'ओके' दाबायला विसरू नका.

सहा मिनिटं हाका मारून ट्रान्समिट अचानक थांबलं, तर तो बिघाड नाही. प्रोग्रॅममध्ये राखणदार बसवलेला आहे, ऑपरेटर खुर्ची सोडून गेला असेल तर रिग एकटीच बोलत राहू नये म्हणून. 'एनेबल टीएक्स' पुन्हा दाबा.

ऐकू येतं, पण उत्तर नाही

आधी शोधा की तुमचा सिग्नल कुठे पोचतोय का. दोन-तीन वेळा सीक्यू मारा आणि ब्राउझरमध्ये पीएसके रिपोर्टर उघडून आपलं कॉलसाइन टाका. जगभरचे रिसीव्हर त्यांनी काय ऐकलं ते तिथे आपोआप नोंदवत असतात. इटली, जपान, इंडोनेशियात तुमच्या खुणा दिसल्या तर यंत्रणा धडधाकट आहे, फक्त समोरच्याकडे गर्दी आहे. नकाशा रिकामा असेल तर अँटेना, कोअॅक्स (अँटेनाची केबल) आणि पॉवर तपासा. आणि तुमच्या घड्याळातला फरक आड येत नाहीये ना हेही बघा. तुमचं घड्याळ दीड सेकंद पुढे असलं तरी तुम्हाला काही स्टेशनं दिसत राहतात, पण ज्याचं दीड सेकंद मागे आहे त्याला तुम्ही दिसेनासे होता.

खुणा आहेत पण उत्तर नाही, तर जागा बदला. तुम्हाला मोकळी दिसणारी जागा त्याच्याकडे मोकळी असेलच असं नाही. नेमकं सीक्यू मारणाऱ्याच्या रेघेवरच जाऊन हाक मारणं टाळा, तिथे दहा जण आधीच एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात.

वेळेचाही प्रश्न असतो. आपल्याकडून दिवसा वरचे बँड, सूर्य मावळल्यावर ४० मीटर, संध्याकाळी २० मीटरवर युरोप. उत्तर अमेरिका सगळ्यात कठीण, कारण वाट ध्रुवाजवळून जाते. तिकडचं स्टेशन उणे १८ ने दिसलं आणि दहा हाका मारूनही आलं नाही, तर त्यात रिगचा काही दोष नाही.

एकाच गावात दोन हॅम जवळजवळ राहत असतील तर त्यांनी आपसात ठरवून एकाच पाळीत ट्रान्समिट करावं, दोघांनीही सम किंवा दोघांनीही विषम. नाहीतर एकाचं बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचा वॉटरफॉल पांढराफटक. आणि ७.०७४ वर जाण्याआधी स्पीकर चालू करून क्षणभर ऐका. सकाळच्या वेळी तिथे कुणी बोलत असेल तर संगणकाच्या सुरांनी त्यांच्या गप्पा मोडू नका.

रिग अडकते, माऊस गोठतो

१० वॅटवर सगळं चालतं, ५० वर यूएसबी तुटल्याचा आवाज येतो, कॅट लाल होतं, रिग ट्रान्समिटवरच राहते. किंवा ४० मीटरवर काही नाही आणि २० वर हाच तमाशा. हे दिसलं की सेटिंगमध्ये शोधू नका. तुमचाच सिग्नल हवेतून आणि कोअॅक्सच्या बाहेरच्या कवचावरून शॅकमध्ये (रिगच्या खोलीत) परत शिरतोय. आपल्याकडे हे फार होतं, कारण सोसायटी गच्ची देत नाही आणि अँटेना बाल्कनीत, लॅपटॉपपासून दोन-तीन मीटरवर असतो. त्यातून एका टोकाने जोडायचा अर्ध्या तरंगाचा वायर असेल तर कोअॅक्सच त्याचा दुसरा अर्धा भाग होऊन बसतो.

उपाय मुळाशी करायचा. अँटेनाच्या जोडणीजवळ कॉमन मोड चोक लावा, म्हणजे मिक्स ३१ च्या मोठ्या फेराइट रिंगमधून कोअॅक्सचे दहा-बारा वेढे. यूएसबी केबल शक्य तितकी आखूड घ्या आणि तिचेही काही वेढे फेराइटमधून काढा, दोन्ही टोकांना. नुसती चिमटीसारखी क्लिप एकदा अडकवून एचएफवर विशेष फरक पडत नाही, वेढे महत्त्वाचे. तोवर पॉवर कमी ठेवा. २० वॅटने एफटी८वर जग फिरता येतं.

गोंगाट

वॉटरफॉल पाठीमागे निळा असण्याऐवजी सगळाच पिवळट, किंवा ठरावीक अंतरावर उभ्या जाड पट्ट्या, तर घरातलं एखादं स्विचिंग अडॅप्टर पकडायचं. सुरुवात लॅपटॉपच्या चार्जरपासून: तो भिंतीतून काढा आणि वॉटरफॉल बघत राहा. मग रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये फ्यूज घालून चालवा आणि घराचा मुख्य स्विच पाडा. इन्व्हर्टरही बंद करायचा बरं का, तो स्वतःच मोठा कलाकार आहे. गोंगाट गेला तर एकेक सर्किट परत चालू करा. एलईडी ट्यूब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर हे ठरलेले संशयित. दिवाळीत आणि गणपतीत सोसायटीभर एलईडीच्या माळा लागल्या की त्या दिवसांपुरतं पोर्टेबल जाणं शहाणपणाचं. शेजाऱ्यांशी भांडू नका, अँटेनाच्या परवानगीची सही त्यांचीच लागते.

जुनी किंवा घरची रिग

ज्या रिगला आतलं साउंड कार्ड नाही तिला बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड चालतं, पण मध्ये दोन्ही दिशांना ६००:६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला आणि पीटीटीसाठी पीसी८१७सारखा ऑप्टोकपलर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत असले सुटे भाग मिळतात. ट्रान्सफॉर्मर वगळला तर ग्राउंड लूप होतो. मग तुमच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ५० किंवा १०० हर्ट्झवर फिकट जुळ्या रेघा उठतात, आणि त्या समोरचा बघतो, तुम्हाला दिसत नाहीत. माइकच्या जागी आवाज देताना पातळी खूप कमी लागते, म्हणून मध्ये एक प्रीसेट (फिरवून पातळी ठरवायचा छोटा रोधक) ठेवा.

हैदराबादच्या अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांच्या मायक्रोबिटेक्स या रिगवर एफटी८ उत्तम चालतं, एक गोष्ट ध्यानात ठेवली तर. तिला एएलसीच नाही, त्यामुळे जास्त झालं हे सांगणारा काटा नाही. वॅटमीटर लावा. आवाज वाढवताना पॉवर वाढायची थांबली की बरंच मागे या. आयआरएफ५१० ट्रान्झिस्टरना मोठा हीटसिंक द्या. आणि ऑसिलेटर तापेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं रिग नुसती चालू ठेवा. फ्रीक्वेन्सी सरकत असेल तर वॉटरफॉलवर सगळ्यांच्याच रेघा तिरक्या दिसतात.

एफटी८नंतर

याच तारांवर, याच पातळ्यांवर बाकी सगळं चालतं. एफटी४चा डाव साडेसात सेकंदांचा, म्हणून घड्याळ आणखी काटेकोर. गप्पा मारायच्या असतील तर पीटर मार्टिनेझ (जी३पीएलएक्स) यांचं १९९८ चं पीएसके३१ किंवा जेएस८कॉल. अँटेना कुठवर पोचतो एवढंच पाहायचं असेल तर डब्ल्यूएसपीआर: दोन मिनिटं पाठवायचं, २०० मिलिवॅटही पुरतात, आणि सकाळी उठून नकाशा बघायचा.

लॉगची एडीआयएफ फाइल डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या लॉग फोल्डरमध्ये आपोआप तयार होत असते. फाइल मेनूतून ते फोल्डर थेट उघडतं. एलओटीडब्ल्यूवर (संपर्कांची खात्री करणारी ऑनलाइन सेवा) चढवायची ती हीच फाइल, म्हणून आठवड्यातून एकदा तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. लॅपटॉप फॉरमॅट करताना हे फोल्डर हमखास विसरलं जातं.